नाव पडण्याआधीच वाचावा असा इशारा : हवामान विभागाच्या चक्रीवादळ सेवेविषयी अभिप्राय

श्रीवर्धन तालुक्यात, समुद्रापासून पायी दहा मिनिटांच्या अंतरावर, आमची नारळी-पोफळीची वाडी आहे आणि वाडीच्या तोंडाशी पर्यटकांसाठी बांधलेल्या चार खोल्या आहेत. आमच्याकडे राहून गेलेले पाहुणे जेवणाविषयी आणि खोल्यांच्या स्वच्छतेविषयी अभिप्राय लिहितात, ते वाचून पुढचे पाहुणे येतात, आणि त्यावर आमचे घर चालते. त्यामुळे अभिप्रायाचे मोल मला ठाऊक आहे. आज मी ज्या सेवेविषयी लिहीत आहे ती आम्ही पैसे न मोजता वापरतो, तिच्यावर घर, वाडी, गुरे आणि पाहुणे या सगळ्यांचे जीव अवलंबून असतात, आणि तरीही ती नेमकी कशी वापरावी याची चर्चा आमच्या गावात वादळ होऊन गेल्यावरच होते. ही सेवा म्हणजे भारतीय हवामान विभागाकडून येणारा चक्रीवादळाचा इशारा. २०२० पासून मी तो नियमाने आणि बारकाईने वाचते. पाचपैकी साडेचार गुण मी त्याला मनापासून देते. अर्धा गुण कोठे अडला ते पुढे सांगते, आणि तो विभागाच्या कामातील उणिवेमुळे अडलेला नाही हे आधीच नमूद करते.

इशाऱ्याची रचना प्रथम समजून घ्यावी लागते, कारण ती समजली नाही तर हातात आलेला वेळ वाया जातो. समुद्रावर कमी दाबाचे क्षेत्र तयार होते, ते तीव्र होत जाते, बातम्यांत ज्याला डिप्रेशन म्हणतात त्या अवस्थेला पोहोचते आणि वाऱ्याची गती ताशी ६२ किलोमीटर झाली की त्याला चक्रीवादळ म्हणतात. नाव मिळते ते याच टप्प्यावर. ही नावे हिंदी महासागराच्या उत्तर भागातील १३ देशांनी आधीच सुचवून ठेवलेली असतात. किनाऱ्याला धोका असेल तर विभाग साधारण ७२ तास आधी पूर्वसूचना देतो, ४८ तास आधी सावधगिरीचा पिवळा इशारा देतो, २४ तास आधी नारिंगी इशारा येतो, आणि वादळ जमिनीवर येण्याच्या सुमारे १२ तास आधी लाल रंगातील पत्रक निघते, ज्यात किनाऱ्यापासून आत असलेल्या जिल्ह्यांचाही समावेश असतो. चक्रीवादळ झाल्यावर दर तीन तासांनी नवे बुलेटिन येते आणि वादळ किनाऱ्याजवळ आले की तासातासाची माहिती मिळू लागते.

एवढे नेमके वेळापत्रक असूनही आमच्याकडे माणसे एका गोष्टीची वाट पाहतात, ती म्हणजे वादळाचे नाव. नाव पडले की धावपळ सुरू होते, त्याआधी सगळे ‘पाऊस येईलसे दिसते’ एवढ्यावर थांबतात. निसर्ग चक्रीवादळाच्या वेळी आम्हीही तेच केले. १ जून २०२० रोजी अरबी समुद्रात डिप्रेशन तयार झाले होते आणि ते उत्तर महाराष्ट्राच्या किनाऱ्याकडे येणार हे त्याच दिवसाच्या पत्रकांत सांगितलेले होते. त्याला ‘निसर्ग’ हे नाव मिळाले २ जूनला दुपारच्या सुमारास, आणि ३ जूनला दुपारी ते आमच्या किनाऱ्यावर आले. म्हणजे नाव पडल्यापासून आमच्या हाती केवळ एक दिवस उरला होता, त्यातही अर्धी रात्र. बंगालच्या उपसागरात दूरवर तयार होऊन चार-पाच दिवस प्रवास करणाऱ्या वादळांच्या बातम्या पाहून आपली जी समजूत होते, ती कोकणाला लागू पडेलच असे नाही. अरबी समुद्रातले वादळ कधी कधी आपल्या अगदी जवळच वाढते.

आमच्या घरातला प्रसंग सांगते. २ जूनला दुपारी मामंजी ओटीवरून म्हणाले, “सूनबाई, नाव पडलं म्हणजे आता खरं. गोठ्याचे पत्रे बांधून घ्या.” आम्ही दोर शोधला तर शाकारणीच्या वेळी वापरून उरलेला सुंभ जेमतेम दोन वासे बांधण्यापुरता होता. करोनाच्या टाळेबंदीचे दिवस होते, दुकाने दुपारी बंद झाली होती, आणि बाजारात जाऊन आलेले माझे यजमान रिकाम्या हाताने परतले. गाई शेजाऱ्यांच्या दगडी गोठ्यात नेऊन बांधल्या, हंडे-कळश्या भरून ठेवल्या, माजघरात अंथरुणे हलवली, पण गोठ्याचे सहा पत्रे तसेच राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊपासून वारा वाढू लागला. कोळीवाड्यातले नाखवा, जे आम्हाला मासळी देतात, कुंपणापाशी थांबून म्हणाले, “वैनी, आजची गाज नेहमीची नाय. पोरांना घेऊन आत ऱ्हावा.” त्यानंतर दुपारी तीनपर्यंत आम्ही दाराला आतून आगळ घालून माजघरात बसलो होतो. पोफळी मध्यावर काडकन मोडत होत्या आणि प्रत्येक मोडण्याचा आवाज वेगळा ऐकू येत होता. माड मात्र आवाज न करता मुळांसकट जमीन उचकटून आडवे होत होते. वारा उतरल्यावर बाहेर आलो तेव्हा गोठ्याचा एक पत्रा उभ्या पोफळीला कागदासारखा गुंडाळलेला होता आणि दुसरा पाहुण्यांच्या खोलीची खिडकी फोडून पलंगावर पडला होता. टाळेबंदीमुळे त्या पलंगावर त्या दिवशी कोणी नव्हते. हे आठवले की आजही माझ्या अंगावर काटा येतो.

नंतर मी त्या दिवसांची पत्रके शोधून पुन्हा वाचली. सैल पत्रे उडतील, विजेच्या आणि संपर्काच्या तारा तुटतील, मोठी झाडे उन्मळून पडतील, हे सगळे त्यांत स्पष्ट लिहिलेले होते. चक्रीवादळाच्या पत्रकात ‘अपेक्षित नुकसान आणि करावयाची कृती’ असा एक भाग असतो आणि बहुतेक लोक तेथपर्यंत पोहोचतच नाहीत. मला विचाराल तर संपूर्ण पत्रकातला सर्वांत उपयोगी भाग तोच आहे, कारण वाऱ्याची गती ताशी १०० ते ११० किलोमीटर आणि झोत १२० चा, या आकड्यांवरून सामान्य माणसाच्या डोळ्यांपुढे काही उभे राहत नाही; सैल पत्रा उडेल, हे वाक्य वाचले की तो आपलाच पत्रा असल्याचे लगेच समजते.

दुसरी चूक नकाशा वाचण्यातली होती आणि ती आमच्या गावातील बहुतेकांनी केली. वादळ हरिहरेश्वर आणि दमण यांच्या दरम्यान, अलिबागजवळ किनारा ओलांडेल असा अंदाज होता. लोकांनी त्यातला ‘अलिबाग’ एवढाच शब्द उचलला. अलिबाग आमच्यापासून बरेच उत्तरेला, म्हणजे आपल्याला फक्त पाऊस, असा हिशेब पारावर झाला. प्रत्यक्षात नकाशावरची मधली रेघ ही वादळाच्या केंद्राचा संभाव्य मार्ग दाखवते आणि तिच्या दोन्ही बाजूंना रुंदावत जाणारा पट्टा हा केंद्र कोठेही असू शकेल असा भाग दाखवतो. वारा तर त्या पट्ट्याच्याही बाहेर पोहोचतो. त्याशिवाय आपल्या गोलार्धात वादळ घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरते, त्यामुळे ते ज्या दिशेने सरकते तिच्या उजव्या हाताला फिरण्याचा आणि सरकण्याचा वेग एकत्र होऊन वारा अधिक जोराचा होतो. समुद्रातून ईशान्येकडे येणाऱ्या वादळाच्या बाबतीत हा उजवा हात म्हणजे किनाऱ्यावर दक्षिणेकडचा भाग. वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आले आणि श्रीवर्धन, दिवेआगर, हरिहरेश्वर, खाडीपलीकडचे मंडणगड आणि दापोली हे सगळे त्या उजव्या हाताला सापडले. आमच्या भागातील रोठा सुपारीच्या वाड्या त्या एका दुपारी झोपल्या, आणि पोफळ लावल्यापासून सुपारी हाती यायला किती वर्षे जातात हे ज्यांच्या घरी वाडी आहे त्यांना सांगायला नको.

पत्रकातील आणखी एक ओळ आम्ही किनाऱ्यावरच्या लोकांनी तरी कधीही वगळू नये, ती समुद्राच्या पाण्याच्या उंचीची. निसर्गच्या वेळी रायगडसाठी नेहमीच्या भरतीपेक्षा एक ते दोन मीटर उंच पाणी येण्याचा अंदाज दिलेला होता. ‘नेहमीच्या भरतीपेक्षा’ या शब्दांवर बोट ठेवून वाचले पाहिजे. ३ जूननंतर दोनच दिवसांनी वटपौर्णिमा होती, म्हणजे उधाणाचे दिवस जवळ आलेले होते, आणि जी भरती मुळातच मोठी तिच्यावर हे वाढीव पाणी चढायचे होते. ज्यांच्या घरी तिथी पाहून खाडीत उतरण्याची रीत आहे त्यांना हा हिशेब क्षणात कळतो. पत्रकातला आकडा आणि घरच्या कॅलेंडरातली तिथी शेजारी शेजारी ठेवून पाहण्याची सवय मात्र लावून घ्यावी लागते. आमच्याकडे आता ती सवय माझ्या दहावीतल्या मुलीला आहे.

आता अडलेल्या अर्ध्या गुणाविषयी. इशारा तयार होतो तो उत्तम, पण शेवटच्या घरापर्यंत पोहोचेपर्यंत त्याला अनेक हातांतून जावे लागते आणि त्यांतले काही हात ऐनवेळी नसतात. ३ जूनला सकाळी अकराच्या आधीच आमच्या भागातील वीज गेली होती आणि दुपारपर्यंत एका मोबाइल कंपनीचा मनोरा बंद पडला, तो पुढे बरेच दिवस सुरू झाला नाही. दर तासाला माहिती येत होती त्या तासांत आमच्यापर्यंत काहीच येत नव्हते. आमच्या वाडीत वीज परत आली ती चोविसाव्या दिवशी. म्हणून माझा आग्रह असा आहे की फोनवरील इशारा हा वादळापूर्वीच्या दोन दिवसांसाठी आहे असे समजून वागावे आणि वादळाच्या दिवशी तो मिळेलच असे गृहीत धरू नये.

त्या दोन दिवसांसाठी साधने चांगली आहेत. हवामान विभागाचे ‘मौसम’ आणि राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे ‘सचेत’ ही दोन्ही अॅप मी वापरते. सचेतवर आपण ज्या भागात आहोत तेथला इशारा आपोआप येतो, त्यामुळे मुंबईतल्या मुलाच्या फोनवर मी श्रीवर्धनचे ठिकाणही नोंदवून दिले आहे. मोबाइलच्या मनोऱ्यावरून एका परिसरातील सर्व फोनांवर एकाच वेळी येणाऱ्या मोठ्या आवाजाच्या संदेशाच्या चाचण्या २०२३ मध्ये देशभर झाल्या, तेव्हा आमच्या गावात अनेकांनी घाबरून तो पुसून टाकला आणि काहींनी फोनमधून ती सोय बंदच केली. ती कृपा करून पुन्हा सुरू करावी. या संदेशाला इंटरनेट लागत नाही आणि कोणी पुढे पाठवण्याचीही गरज पडत नाही.

व्हॉट्सअॅपवर पुढे पाठवल्या जाणाऱ्या पत्रकांविषयी मात्र मी कठोर आहे. तौक्ते वादळाच्या वेळी, मे २०२१ मध्ये, आमच्या बचत गटाच्या समूहावर आदल्या दिवशीचे बुलेटिन संध्याकाळपर्यंत फिरत होते आणि त्यावरून दोन घरांनी आवराआवर थांबवली होती. प्रत्येक बुलेटिनवर त्याचा क्रमांक असतो आणि ते किती वाजता काढले ती वेळ असते. ती वेळ पाहिल्याशिवाय मी कोणतेही पत्रक वाचत नाही आणि पुढे तर पाठवतच नाही. एका खासगी हवामान अॅपने तर त्याच दिवशी आमच्या गावावर ढगाआडच्या सूर्याचे चित्र दाखवले होते. रोजचा पाऊस पाहायला ती अॅप ठीक असतील, पण चक्रीवादळाच्या बाबतीत जबाबदारी घेऊन बोलणारी संस्था एकच आहे आणि शब्द तिचाच धरावा.

वीज आणि मनोरा दोन्ही गेल्यावर आमच्याकडे उरतो तो सेलवर चालणारा ट्रान्झिस्टर. मध्यम लहरींवर आकाशवाणी लागते. मामंजींचा जुना ट्रान्झिस्टर निसर्गनंतर आम्ही माळ्यावरून काढला, दुरुस्त करून घेतला, आणि तेव्हापासून दर वर्षी आगोटीच्या सामानात, मिरची-मसाल्याच्या आणि सुक्या मासळीच्या जोडीला, त्याचे नवे सेल येतात. बंदरावरच्या बावट्यालाही मी या सेवेचाच भाग मानते. एक ते अकरा क्रमांकांचे हे संकेत दिवसा आकृत्यांनी आणि रात्री दिव्यांनी दाखवले जातात. तीन क्रमांकाचा बावटा म्हणजे बंदराला वादळी वाऱ्याची शक्यता, हे आमच्याकडे लहान मुलांनाही माहीत असते. आठ, नऊ आणि दहा हे महाधोक्याचे. अकराव्या क्रमांकाचा अर्थ मला नाखव्यांनी सांगितला आणि तो मी विसरू शकत नाही: इशारा केंद्राशी संपर्क तुटला आहे आणि स्थानिक अधिकाऱ्याला हवामान बिघडण्याचा धोका वाटतो आहे. संपर्क तुटणे हीच धोक्याची खूण मानण्याइतका विचार ज्यांनी पूर्वी केला, त्यांच्याविषयी मला आदर वाटतो. आमच्या घरातही आता तोच नियम आहे. पत्रके येत असताना अचानक ती यायची थांबली तर वादळ ओसरले असे न समजता ते जवळ आले असे समजायचे.

समुद्रावर असणाऱ्यांचा विषय वेगळा आणि अधिक गंभीर आहे. ११ नोव्हेंबर २००९ रोजी फयान आले तेव्हा रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या कितीतरी नौका बाहेर होत्या. ते वादळ मच्छीमारांच्या घरांत अजूनही तारखेनिशी आठवले जाते. डिसेंबर २०१७ मध्ये ओखी वादळाच्या वेळी केरळ आणि तमिळनाडूच्या साठहून अधिक नौका, नऊशेहून अधिक खलाशांना घेऊन, सिंधुदुर्गात देवगडच्या आश्रयाला आल्या आणि ती माणसे वाचली. ज्याला निरोप मिळतो आणि जो वेळेवर जवळचे बंदर गाठतो, मग ते बंदर परक्या राज्यातले का असेना, तो घरी परततो. आमचे नाखवा आता मच्छीमारांसाठीचा इशारा ऐकल्याशिवाय नांगर उचलत नाहीत. तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक त्यांनी केबिनच्या फळीवर रंगाने लिहून ठेवला आहे. दोन दिवसांची मासळी गेली तर घरात चणचण भासते, हे मी जवळून पाहिले आहे, आणि तरीही ते थांबतात, म्हणून त्यांच्या थांबण्याचे मोल अधिक आहे.

या सेवेविरुद्ध नेहमी ऐकू येणारी तक्रार अशी की इशारा देतात आणि वादळ येतच नाही. जून २०२३ मध्ये बिपरजॉयच्या वेळी आमच्याकडे आठवडाभर समुद्र खवळलेला होता, पाण्यात उतरण्यास मनाई होती, आणि वादळ १५ जूनला कच्छमध्ये जखाऊजवळ जमिनीवर गेले. तेव्हा आमच्या खोल्यांत उतरलेल्या आठ जणांच्या गटाने मला विचारले, “काकू, इथे तर ऊन आहे, मग बंदी कशासाठी?” मी त्यांना संध्याकाळी भरतीच्या वेळी किनाऱ्यावरच्या सुरूच्या झाडांपर्यंत नेले आणि लांबूनच लाटा दाखवल्या. केंद्र शेकडो किलोमीटर दूर असतानाही त्याच्या लाटा आपल्या पुळणीवर येतात आणि आत ओढून नेतात. हैदराबादच्या इन्कॉइस या संस्थेचा उंच लाटांचा इशारा त्यासाठीच असतो. ऑक्टोबर २०१९ मध्ये क्यार वादळ कोकणाच्या जमिनीवर आले नव्हते, तरी त्याने किनाऱ्यावरच्या वस्त्यांत पाणी आणले आणि कापणीला आलेल्या भाताचे नुकसान केले. तौक्तेचे केंद्रही समुद्रातूनच गुजरातकडे गेले, आणि जाता जाता त्याने रत्नागिरी-सिंधुदुर्गातले हापूस झाडावरून उतरवले. ‘वादळ आले नाही’ असे म्हणण्यापूर्वी ते आपल्यापासून किती अंतरावरून गेले हे पाहिले तर ही तक्रार बहुतेक वेळा टिकत नाही.

पर्यटनाचा व्यवसाय करणाऱ्या माझ्या बंधू-भगिनींना येथे एक विनंती करायची आहे. मे अखेर आणि जूनचा पहिला पंधरवडा हे आपले कमाईचे शेवटचे दिवस असतात आणि आलेले आरक्षण रद्द करणे जिवावर येते. गेली तीन वर्षे आम्ही असे ठरवले आहे की अरबी समुद्रात डिप्रेशन तयार झाल्याचे पत्रक आले आणि त्यात आपल्या किनाऱ्याचा उल्लेख असला, की पाहुण्यांना आपणहून फोन करायचा, तारीख बदलून द्यायची किंवा पैसे पूर्ण परत करायचे. पहिल्या वर्षी त्यात आमचे नुकसान झाले. पुढच्या वर्षी त्यांतल्या तीन कुटुंबांनी दिवाळीनंतरच्या सुटीत आपण होऊन खोल्या मागितल्या.

दर वर्षी अक्षय्य तृतीयेच्या आसपास, कौले चाळायला माणसे येतात त्याच आठवड्यात, मी स्वयंपाकघरातल्या फडताळाच्या दाराला आतून लावलेला कागद बदलते. त्यावर जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हा क्रमांक आहे, गावातल्या पक्क्या इमारतींची नावे आहेत, एकट्या राहणाऱ्या दोन आजींना कोणी आणायचे ते लिहिले आहे, आणि सर्वांत वर, डिप्रेशनचे पत्रक येताच करायची पहिली तीन कामे आहेत: दोर काढणे, पत्रे आवळणे, टाकी भरणे. या वर्षी दोराची तीन नवी बंडले आणली आहेत. ती माळ्यावर न ठेवता ओटीवर, खुंटीला टांगलेली आहेत.